पसीना आल्याशिवाय हात लावायचा नाही

आम्ही चौघे आहोत. मोठा भाऊ, भाभी, धाकटा आणि आळंदीकडचा आमचा वेल्डर दोस्त. लिहिताना पेन एकाच्याच हातात असलं तरी गोष्ट चौघांची आहे, म्हणून "आम्ही" असंच लिहितो.

मागच्या डिसेंबरात दुबईत बर्फाच्या कलाकृतींचं एक छोटं प्रदर्शन झालं. वाळवंटात बर्फ, हे ऐकूनच आमच्या घरात हसू आलं होतं. त्या प्रदर्शनातली आठ बाजूंची बर्फाची जाळी आमची होती. दहा दिवस ती उभी राहिली, अकराव्या दिवशी तिचं पाणी झालं. दाखवायला आता मोबाईलमधले फोटो तेवढे आहेत. पण त्या जाळीच्या मागे चार महिन्यांची तयारी होती. ती भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली, आणि त्या तयारीत आमच्या घरातली एक जुनी गाठ सुटली. ते सांगावंसं वाटतं.

सुरुवात अब्बांपासून करायला हवी. अब्बांनी पिंपरीतल्या एका बर्फ कारखान्यात एकतीस वर्षं लादी काढली. ज्यांनी तो कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते. अमोनियाच्या यंत्राने ते पाणी शून्याच्या खाली नेतात, पण मीठ असल्यामुळे ते गोठत नाही. त्यात साध्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे सोडायचे. डब्यातलं पाणी कडेकडून आत गोठत जातं. पाण्यातली हवा आणि क्षार मध्यभागाकडे ढकलले जातात, म्हणून लादीच्या पोटात पांढरा धूर कोंडल्यासारखा दिसतो. मग डबा उचलायचा, साध्या पाण्यात बुडवायचा, उलटा करायचा, आणि लादी आकड्याने ओढायची. एकतीस वर्षं हेच. अब्बांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना आजही गरम चहाचा कप कळत नाही.

मोठ्याने बर्फाचं दुसरं काम धरलं. हॉटेलच्या किचनमध्ये हेल्पर म्हणून लागला, तिथल्या एका उस्तादाकडून बर्फ कोरायला शिकला आणि पुढे केटररांकडे लग्नाच्या ऑर्डरी घेऊ लागला. हंस, मासे, मोर, कधी नवरा-नवरीच्या नावाची अक्षरं. चौदा वर्षं घराचा मोठा खर्च या हंसांनीच उचलला. अब्बांनी कधी नाही म्हटलं नाही. पण मोठ्याचं काम पाहायला ते एकदाही आले नाहीत. सजीवांच्या आकृती घडवणं त्यांना मनापासून पटत नव्हतं. मोठा म्हणायचा, "हंसाची कुणी पूजा करतं का? जेवणं उरकायच्या आत तो ताटाखाली पाणी होऊन जातो." या बाबतीत जाणत्या लोकांची मतं वेगवेगळी आहेत आणि आम्ही निकाल द्यायला बसलेलो नाही. एवढंच सांगतो की या विषयावर आमच्या घरात भांडण कधी झालं नाही. बोलणंच झालं नाही, आणि ते जास्त जड होतं.

ऑगस्टमध्ये शारजाहून मामेभावाचा फोन आला. तो तिकडे केटरिंगमध्ये आहे. प्रदर्शन भरवणाऱ्यांना एक "हिंदुस्थानी" कलाकृती हवी होती. त्यांची मागणी ठरलेली होती: हत्ती, त्यावर अंबारी, अंबारीत राजा. पैसे चांगले होते. त्या रात्री दस्तरखानावर मोठ्याने ही गोष्ट काढली. अब्बांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत. बोलली ती भाभी. "हत्तीच कशाला? हिंदुस्थान म्हणजे हत्तीच का? आपली जाळी द्या ना."

भाभीचं माहेर औरंगाबादचं, आताचं छत्रपती संभाजीनगर. तिचं लहानपण बीबी का मकबऱ्याच्या आसपास गेलं. शहजादा आझमशाहने आपली आई दिलरस बानू बेगम हिच्यासाठी सतराव्या शतकात तो बांधला. लोक त्याला ताजमहालाची नक्कल म्हणून सोडून देतात. पण आत गेल्यावर वरून खाली मजार दिसते आणि तिच्याभोवती संगमरवराचा आठ बाजूंचा जाळीदार कठडा आहे. भाभी मेंदी काढते, आणि ती म्हणते की तिचा हात त्या जाळीनेच घडवला. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर काम करणाऱ्यांची नावंही कोरलेली आहेत: रचनाकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. आमचा वेल्डर दोस्त हे ऐकून म्हणाला, "म्हणजे टीम तेव्हाही अशीच होती की."

आम्ही जाळीचा नकाशा पाठवला. तिकडून उत्तर आलं की चालेल, पण हत्तीला जेवढे पैसे ठरले होते त्याच्या दोन तृतीयांशच मिळतील. मोठा दोन दिवस गप्प होता. त्या तफावतीत धाकट्याच्या लग्नाचं निम्मं कर्ज फिटलं असतं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच "हो" कळवलं. का, ते आम्ही विचारलं नाही.

जगात बर्फाची मोठमोठी कामं होतात. चीनमधल्या हार्बिनला सोंगहुआ नदीच्या गोठलेल्या पात्रातून बर्फ कापून अख्ख्या इमारती उभ्या करतात. तिथला बर्फाचा उत्सव 1985 पासून दरवर्षी भरतो. जपानच्या सापोरोमध्ये 1950 साली शाळेच्या मुलांनी बागेत सहा हिमशिल्पं केली, त्यातून आज जगभरचे लोक येतील असा सोहळा झाला. त्यांच्याकडे थंडी आभाळातून पडते. आपल्याकडे ती नेहमी कमवावी लागली. अबुल फजलने "आईन-ए-अकबरी"मध्ये शाही आबदारखान्याचं वर्णन केलंय. शोऱ्याच्या पाण्यात सुराही फिरवून पाणी थंड करायचे, आणि दरबार लाहोरला गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ आणवायचे. 1833 साली तर बॉस्टनहून "टस्कनी" नावाचं जहाज बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं. मे महिन्यात 180 टन घेऊन निघालं, चार महिन्यांनी पोचलं तेव्हा सुमारे 100 टन शिल्लक होता. लाकडाच्या भुशात बांधून आणला होता म्हणून.

हा भुसा लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

सप्टेंबरपासून तयारी सुरू झाली. भोसरीच्या एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते. दोस्ताच्या ओळखीच्या एका शेडमालकाने गुरुवारची जागा दिली. धाकटा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत टूलरूममध्ये आहे. त्याने पहिल्याच दिवशी मोठ्याला विचारलं, "ड्रॉइंग कुठंय?" मोठा म्हणाला, "डोक्यात." धाकटा म्हणाला, "डोकं दुबईला विसरलं तर?"

मग हिशेब कागदावर आला. तिकडे मिळणारा ठोकळा 100 सेंटिमीटर लांब, 50 रुंद आणि 25 जाड. पंपाने वरचं पाणी हलतं ठेवून तो तळापासून वर गोठवतात, त्यामुळे काचेसारखा आरपार असतो, पोटात पांढरं नसतं. बर्फाचा एक घनमीटर 917 किलो भरतो, म्हणजे असा एक ठोकळा साधारण 115 किलोचा. जाडीतून मधोमध चिरला की दोन फळ्या. चार ठोकळ्यांच्या आठ फळ्या, त्यांची आठ बाजूंची जाळी. खाली बैठकीला चार ठोकळे. दोन जादा. एकूण दहा, साडेअकराशे किलो.

आठ बाजू नीट जुळायच्या तर प्रत्येक फळीची कड साडेबावीस अंशांत तासली पाहिजे. अर्धा अंश चुकला तर आठव्या फळीपाशी बोटभर फट पडते. धाकट्याने त्यासाठी ॲल्युमिनियमचं फिक्स्चर बनवलं. फळी त्यात बसवायची, करवत खाचेतून चालवायची, डोळ्याने मापायची गरजच नाही. कंपनीत पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय पुढचे काढत नाहीत, तोच नियम त्याने इथे लावला. हत्यारांची पेटी अशी केली की फोममध्ये प्रत्येक पटाशीच्या आकाराचा खड्डा. खड्डा रिकामा दिसला की हत्यार हरवलंय. भाभीने आठ फळ्यांचे कागदी नमुने काढले. ओला कागद बर्फावर चिकटतो, मग रेषेवरून ग्राइंडरची बारीक टोच फिरवायची. तिने एक युक्तीही काढली: जिथे आरपार भोक नको, फक्त नक्षी हवी, तिथे उथळ खाच पाडून तिच्यात किसलेला बर्फ तळहाताने दाबायचा. नितळ बर्फात पांढरी रेघ उठते, अगदी मेंदीसारखी. दोस्ताने फळ्या हलवायला चाकांचा गाडा वेल्ड केला आणि पाण्यात वीज वापरायची म्हणून प्रत्येक वायरीला गळती झाली की लगेच बंद पडणारा स्विच लावला.

इतकं सगळं करून पहिल्या गुरुवारी पहिली फळी फुटली. दुसऱ्या गुरुवारी दुसरी. तिसऱ्या गुरुवारी आम्ही शीतगृहातून आणलेला ठोकळा गाड्यावर ठेवला, मोठ्याने करवत लावली, आणि खाट्‌कन आवाज येऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चीर गेली. मोठ्याने करवत जमिनीवर टाकली. चौदा वर्षं लग्नात हंस काढणारा माणूस, पण ते बर्फ नेहमी अर्धवट वितळत आलेले असायचे. इतका थंड, कोरडा ठोकळा त्याच्या हाताखाली कधी आलाच नव्हता.

त्या रात्री धाकट्याने घरी सगळं सांगितलं. पुढच्या गुरुवारी जोहरच्या नमाजनंतर अब्बा शेडच्या दारात उभे होते. पिंपरीहून दोन बस बदलून एकटेच आले होते. मोठा हातातली पटाशी तशीच धरून उभा राहिला. अब्बांनी कुणाकडे पाहिलं नाही. ठोकळ्याजवळ गेले. तो बाहेरून पांढुरका, बुरशी धरल्यासारखा दिसत होता. त्यांनी आकड्याच्या दांड्याने दोन ठिकाणी टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "अभी नको. पसीना आन दे उसकु. फिर हात लगा."

ठोकळा शून्याखाली वीस अंशांवरून थेट ऑक्टोबरच्या उकाड्यात आला की वरचा थर फुगतो आणि आतला आखडलेलाच राहतो. त्या ताणात तो फुटतो. बर्फ उष्णतेला तसा चिवट असतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात, तेवढ्यात शून्यावरचं पाणी 80 अंशांपर्यंत तापतं. म्हणूनच तो भुशात बांधून समुद्र ओलांडू शकला. त्याला सोसत नाही ती घाई. अब्बांनी गोणपाट मागवलं, त्याच्या दोन घड्यांत लाकडाचा भुसा भरला, ठोकळ्यावर पांघरलं आणि स्टूल घेऊन बसले. चार तास. मध्ये असर झाली. गोणपाट काढलं तेव्हा पांढुरकेपणा गेला होता, अंगावर पाण्याचे थेंब होते आणि ठोकळ्यातून पलीकडची भिंत दिसत होती. अब्बांनी पुन्हा टिचकी मारली. या वेळी घंटीसारखा आवाज आला.

त्या दिवशी पहिली फळी निघाली. अब्बा मगरिबपर्यंत थांबले. मोठा कोरत होता आणि ते बघत होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा. जाताना म्हणाले, "हात साफ आहे तुझा." मोठ्याने मान वर केली नाही, पण ग्राइंडर बंद करून बराच वेळ तो बर्फाचा कीस झाडत बसला.

नोव्हेंबर कागदपत्रांत गेला. ज्यांच्या घरातलं कुणी असं थोड्या दिवसांच्या कामाला बाहेर जात असेल त्यांना एवढंच सांगतो: करार वाचून, समजून, मगच सही करा. परतीचं तिकीट, राहणं, विमा आणि व्हिसा कोणत्या कामाचा आहे, हे चारही लेखी घ्या. पर्यटक व्हिसावर काम करायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. आम्ही हत्यारांची वजनासह यादी केली, धारदार सगळं चेक-इन सामानात टाकलं. भाभीच्या आईचा प्रश्न होता, "मुलगी चार पुरुषांची कामं करायला एवढ्या लांब जाणार?" भाभी म्हणाली, "अम्मी, नकाशा माझा आहे. तो लावायला मीच पाहिजे."

दुबईत काम करायला चार दिवस होते. दालन शून्याखाली आठ अंशांवर. ठोकळे आले ते शून्याखाली वीसवरून. आयोजकांचा माणूस घड्याळ दाखवत होता, शेजारचे कारागीर कामाला लागले होते. आम्ही ठोकळे बाहेरच्या खोलीत घोंगड्यांखाली झाकले आणि बसून राहिलो. अर्धा दिवस गेला. मोठा एकदाही उठला नाही. घोंगडं उचलायचा, बघायचा, पुन्हा टाकायचा.

पसीना आला. काम सुरू झालं. मग दुसरी अडचण. फळ्यांचे सांधे सपाट करायला आम्ही ॲल्युमिनियमची जाड प्लेट नेली होती. भोसरीत तिच्यावर बर्फ घासला की पाच सेकंदांत आरशासारखा सपाट व्हायचा, कारण प्लेट हवेतली उष्णता बर्फाला देते. तिथल्या थंडीत प्लेट स्वतःच गारठली आणि बर्फ तिला चिकटून बसला. शेडमध्ये चार महिने तपासलेली एकमेव गोष्ट अशी होती जी आम्ही चुकीच्या हवेत तपासली होती. भाभीने खोलीवरून कपड्यांची इस्त्री आणली, प्लेटच्या पाठीवर फिरवली आणि म्हणाली, "आता घासा." सगळे सांधे त्या इस्त्रीवर जुळले. नोकरीतला माणूस असल्यामुळे धाकट्याने ते लगेच वहीत टिपलं: पुढच्या वेळी इस्त्री, नग दोन.

पाऊण तास आत, पाव तास बाहेर, असा नेम ठेवला होता. बाहेरच्या पाव तासात चहा, नमाज, हातांची ऊब. अब्बांच्या बोटांकडे बघत मोठे झालेलो आहोत, त्यामुळे हातमोजे काढायचे नाहीत हा नियम कुणी मोडला नाही. सहावी फळी उचलताना निसटून फुटली. जादा ठोकळा होता. तोही झाकून ठेवलेला होता. आठवी फळी बसली तेव्हा फटीत पोस्टकार्डसुद्धा जात नव्हतं. आत मंद एलईडी लावला, कारण साधा दिवा तापतो. जाळीच्या सावल्या भिंतीवर पडल्या आणि दालनातलं बोलणं जरा कमी झालं.

पहिल्याच संध्याकाळी अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल जाळीभोवती फिरवला. ते बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "एकदा टिचकी मार." मोठ्याने हातमोज्यासकट बोटाने हलकेच वाजवलं. तिकडे ऐकू गेलं की नाही कळलं नाही. अब्बांनी मान हलवली.

दहा दिवसांत जाळीच्या कडा आपोआप झिजल्या. शून्याखालीही बर्फ थोडा थोडा थेट वाफ होऊन उडतो, तीक्ष्ण कोपरे आधी जातात. शेवटी मकबऱ्याची जाळी नव्हे, जुनी झिजलेली चाळण वाटत होती. अकराव्या दिवशी यंत्र बंद केलं. आम्ही परत निघालो होतो, ते पाहायला थांबलो नाही.

खर्च वजा जाता चौघांच्या वाट्याला जे आलं ते हत्तीच्या मानाने कमीच होतं. धाकट्याचं कर्ज अजून आहे. मोठ्याला लग्नाच्या ऑर्डरी येतातच, आणि केटरर हंसच मागतात. तो आता आधी जाळीचा फोटो दाखवतो. काही घेतात, काही नाही. नाही घेतली तर हंस करतो, घर चालवायचं आहे. अब्बा अजूनही हंस पाहायला येत नाहीत. पण गुरुवारी कधी शेडमध्ये जाळी असली की स्टूल घेऊन येतात. गोणपाट स्वतः पांघरतात, आणि ते सांगेपर्यंत कुणी ठोकळ्याला हात लावत नाही.